‘सीलिंग’ : मॉर्मन मंदिर-विवाहातील एका संज्ञेचा अर्थविचार

विवाहसंस्थेचा समाजशास्त्रीय अभ्यास आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. विवाहविधीत योजिल्या जाणाऱ्या संज्ञांचा भाषिक अंगाने विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. एखादा समाज विवाहास कोणत्या नावाने संबोधितो, त्या नावातील धातू कोणता, तो कोणत्या विभक्तीशी वा शब्दयोगी अव्ययाशी जोडला जातो, या गोष्टी वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु त्या समाजाची नात्यासंबंधीची कल्पना पुष्कळदा तेथेच दडलेली असते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या मंदिर-विवाहास लावल्या जाणाऱ्या ‘सीलिंग’ या संज्ञेचा विचार करावयाचा आहे. या शब्दाच्या अर्थामुळेच त्या विवाहाच्या दिवशी काही माणसे दाराच्या आत आणि काही बाहेर राहतात. म्हणून हा विचार केवळ कोशातील नोंदीपुरता उरत नाही.

प्रथम नावाविषयी. ‘मॉर्मन’ हे या पंथाचे रूढ नाव असले तरी ते त्याने स्वतःस दिलेले नाही. ‘मॉर्मनचे पुस्तक’ या त्यांच्या धर्मग्रंथावरून इतरांनी ते पाडले. संस्थेचे अधिकृत नाव, मराठीत आणावयाचे झाल्यास, ‘अंत्यकालीन संतांचे येशू ख्रिस्त चर्च’ असे होईल. तिचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये ‘मॉर्मन’ हा शब्द वापरू नये असे आवाहन केले. ती इच्छा आदरणीय आहे. तथापि येथे ऐतिहासिक विवेचन असल्यामुळे रूढ नावच ठेवले आहे. पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. १८४४ मध्ये त्याची हत्या झाल्यावर बहुसंख्य अनुयायी ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ च्या जुलैमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तेथील सुप्रसिद्ध मंदिराची कोनशिला १८५३ मध्ये बसविली गेली व त्याचे समर्पण १८९३ मध्ये, म्हणजे पुऱ्या चाळीस वर्षांनी, झाले.

आता विवाहाचा दिवस. येथे ‘चर्च’ आणि ‘मंदिर’ यांतील भेद ध्यानी घेतल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. रविवारची उपासना ज्या सभागृहात होते तेथे कोणासही मुक्तद्वार असते. मंदिरात मात्र पंथाच्या सर्व सभासदांनाही प्रवेश नाही. त्यासाठी शिफारसपत्र लागते. ते मिळविण्याकरिता आधी स्थानिक बिशपची व नंतर ‘स्टेक’च्या अध्यक्षाची मुलाखत द्यावी लागते. (‘स्टेक’ म्हणजे तंबूची खुंटी. यशयाच्या ग्रंथातील तंबूच्या रूपकावरून एका प्रादेशिक घटकास हे नाव पडले आहे.) श्रद्धा, सदाचार, उत्पन्नाचा दशमांश देणे, मद्य, तंबाखू, चहा व कॉफी यांपासून दूर राहणे इत्यादी विषयांवर प्रश्न विचारले जातात. विवाहापूर्वी वधूवरांपैकी प्रत्येकाने ‘एंडाउमेंट’ नावाचा एक दीर्घ विधी पूर्ण केलेला असावा लागतो. विवाहास आत उपस्थित राहणाऱ्या नातलगांनीही तो केलेला असला पाहिजे.

विवाहाची खोली लहान असते. मध्यभागी मऊ आच्छादनाची वेदी, भोवती थोड्या खुर्च्या आणि समोरासमोरच्या भिंतींवर मोठे आरसे. वधूवर वेदीच्या दोन बाजूंस गुडघे टेकून एकमेकांचा हात धरतात. दोघेही पांढऱ्या वस्त्रांत असतात. दोन आरशांमुळे त्यांच्या प्रतिमा एकीत एक अशा दूरवर उमटत जातात, आणि अनंतत्वाची खूण म्हणून विधी करविणारा त्यांच्याकडे लक्ष वेधतो. त्याच्या उपदेशाचे चार शब्द होतात, दोन साक्षीदार बसलेले असतात, मूळ विधी काही मिनिटांत आटोपतो. अंगठ्यांची देवघेव हा विधीचा भाग नाही. ती नंतर केली तरी चालते. आत छायाचित्रे काढीत नाहीत. विधीतील शब्द त्या समाजाने पवित्र मानून मंदिरापुरते राखले आहेत. ते येथे उद्धृत करण्याची गरज नाही व ते उचितही होणार नाही.

मग दार उघडते. बाहेरच्या पायऱ्यांवर उभी असलेली मंडळी टाळ्या वाजवितात, धाकटी भावंडे धावत येतात आणि छायाचित्रांचा कार्यक्रम सुरू होतो. सायंकाळी पुष्कळदा सभागृहाच्या मोठ्या दालनात स्वागतसमारंभ होतो. हेच दालन एरवी बास्केटबॉलसाठी वापरले जाते, त्यामुळे फुलांच्या सजावटीच्या वर टोपलीचे कडे डोकावताना दिसावे हे तेथील लग्नांचे एक परिचित दृश्य आहे. पाहुणे रांगेने येऊन वधूवरांस व त्यांच्या आईवडिलांस भेटतात. केक व सरबत असते, मद्य नसते.

पायऱ्यांवर थांबलेल्या या मंडळींत कोण असते? परधर्मीय मित्र तर असतातच. परंतु वधू नवदीक्षित असेल तर तिचे आईबापही तेथेच असतात. संपूर्ण कुटुंब पंथाचे असले तरी एंडाउमेंट न झालेला अठरा वर्षांचा भाऊ, शिफारसपत्राची मुदत सरलेली मावशी, श्रद्धा ढळलेला काका हेही तेथेच. इंग्रजीत या लोकांचा उल्लेख करावयाचा झाल्यास जे शब्द सापडतात ते बहुतेक नकारात्मक असतात : सभासद नसलेले, एंडाउमेंट न झालेले, शिफारसपत्र नसलेले. त्यांचे वर्णन केवळ अभावाने करता येते. ज्या समाजाने नात्यांसाठी इतकी बारीक परिभाषा घडविली, तिच्यात या माणसांकरिता एखादे भावरूप नाव निर्माण होऊ नये, हे मला लक्षणीय वाटते.

आता संज्ञेकडे वळू. इंग्रजी ‘सील’ हा शब्द लॅटिन ‘सिगिल्लुम’पासून आला, तो ‘सिग्नुम’ म्हणजे खूण या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप होय. मूळ अर्थ लहान खूण, छाप, मुद्रा. मुद्रेची कार्ये दोन : दस्तऐवज प्रमाण ठरविणे आणि वस्तू बंद करणे. आद्य ख्रिस्ती वाङ्मयात मुद्रावाचक ग्रीक शब्द ‘स्फ्रागिस’ हा बाप्तिस्म्यासाठीही योजिलेला आढळतो. तेथे देवाची खूण माणसावर उमटते असा भाव आहे. या कोणत्याही अर्थात दोन माणसे एकमेकांस जोडली जाणे हा भाव मात्र नाही. तो मॉर्मन परिभाषेत कोठून आला?

याचा माग काढणे फारसे अवघड नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्रास जो अधिकार देतो तेथे ग्रीक क्रियापद ‘बांधणे’ या अर्थाचे आहे : पृथ्वीवर बांधलेले स्वर्गातही बांधलेले राहील, असा त्याचा आशय. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉर्मनच्या पुस्तका’त, हेलमनच्या दहाव्या अध्यायात, जवळजवळ हीच वाक्यरचना येते. मात्र ‘बाइंड’च्या जागी तेथे ‘सील’ हे क्रियापद आहे. या एका अदलाबदलीने ‘सील’ला ‘बांधणे’ या क्रियेचा अर्थ लाभण्याची वाट मोकळी झाली. तथापि १८३१ च्या सुमारास पंथाच्या लेखनात ‘सील अप’ असा प्रयोग दिसतो. त्याचा अर्थ भाविकांना शाश्वत जीवनासाठी मुद्रित करणे, म्हणजे त्यांचे तारण निश्चित करणे, असा आहे. माणूस व तारण यांमधील हा संबंध आहे. पुढे १८४० नंतरच्या दशकात, इलिनॉयमधील नॉवू या गावी पंथाचे वास्तव्य असताना, ‘सील टू’ हा प्रयोग प्रबळ होतो : अमुक स्त्री अमुक पुरुषाशी, अमुक मूल अमुक आईबापांशी. १२ जुलै १८४३ रोजी लिहून घेतलेल्या प्रकटीकरणात ‘बाइंड’ व ‘सील’ ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी येतात. ‘अप’ गेले व ‘टू’ आले. इंग्रजीत उपसर्गवजा अव्ययाचा एवढाच हा फेरफार. पण त्याने तारणाची कल्पना एकट्या माणसाकडून कुटुंबाकडे वळविली, असे माझे मत आहे.

त्याच १८४३ च्या प्रकटीकरणात बहुपत्नीकत्वाचाही पुरस्कार आहे, हे येथे लपविण्याचे कारण नाही. १८५२ मध्ये पंथाने ते जाहीर केले आणि १८९० मध्ये विल्फर्ड वुडरफ या अध्यक्षाच्या घोषणेने ते थांबविण्याचा मार्ग धरला. तरीही संज्ञेच्या व्यवहारात त्याची एक सावली उरली आहे. पहिली पत्नी वारल्यावर पुरुषास दुसऱ्या पत्नीशीही ‘सील’ होता येते. हयात स्त्रीस मात्र एकाच पतीशी सील होता येते. तरुणपणी विधवा झालेल्या व पुन्हा विवाह करू इच्छिणाऱ्या स्त्रीस या नियमाचा जो जाच होतो तो पंथातील लोकही बोलून दाखवितात.

या अर्थविस्ताराचा दुसरा परिणाम असा की ‘सीलिंग’ हा शब्द ‘लग्न’ या शब्दाचा पर्याय होऊ शकत नाही. मूल दत्तक घेतल्यावर, किंवा आईबाप उशिरा पंथात आल्यावर, मुलांनाही त्यांच्याशी सील करतात. मंदिरात सील झालेल्या दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या मुलांना तो विधी लागत नाही. मृत पूर्वजांसाठीही जिवंत माणसे प्रतिनिधी होऊन हा विधी करतात. १८९४ मध्ये वुडरफने प्रत्येकाने आपापल्याच पूर्वजांशी, पिढ्यांमागून पिढ्या, सील व्हावे असे सांगितले, आणि त्याच वर्षी उटाची वंशावळी-संस्था स्थापन झाली. जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचा जो प्रचंड संग्रह आज संशोधकांना उपयोगी पडतो त्याच्या मुळाशी हे एक क्रियापद आहे.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत कृतिरूप उच्चारणाची जी मीमांसा केली तिच्यात विवाहातील संमतीचा उच्चार हे एक ठळक उदाहरण आहे. असे उच्चारण सफल होण्यास योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग व मान्य पद्धती लागते. मॉर्मन विवाहात वधूवरांचा उच्चार अगदी त्रोटक असतो. कार्य घडते ते अधिकारी पुरुषाच्या उच्चाराने. सफलतेच्या अटी आहेत अधिकार, स्थान व पात्रता. समुदायाने ऐकणे ही अट नाही. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातील विवाहविधीत मृत्यू ही नात्याची सीमा मानलेली आहे आणि तो विधी मंडळीसमोर व्हावयाचा असतो. (तेथील ‘डिपार्ट’ हे क्रियापद तेव्हा ‘वेगळे करणे’ अशा सकर्मक अर्थाने होते. तो अर्थ लोपल्यामुळे १६६२ मध्ये ‘डू पार्ट’ असा बदल करावा लागला.) मॉर्मनांनी मृत्यूची सीमा काढून टाकली; परंतु अनंतकाळाचे हे वचन ज्या खोलीत उच्चारले जाते तिला भिंती आल्या.

अमेरिकेत ‘सीलर’च्या एकाच उच्चारणाने कायदेशीर विवाह व शाश्वत बंधन ही दोन्ही कार्ये साधतात. इंग्लंडमध्ये विवाह जनतेस खुल्या जागी व्हावा असा कायदा असल्याने आधी नागरी विवाह व लगोलग मंदिरात सीलिंग अशी दोन कार्ये अलग करावी लागली. त्यामुळे तेथील बिगरमॉर्मन आईबाप आपल्या मुलीचे लग्न डोळ्यांनी पाहू शकले. अमेरिकेत मात्र जे जोडपे आधी नागरी विवाह करील त्यास सीलिंगसाठी एक वर्ष थांबावे लागे. अनेकांना तो दंड वाटे. आईस बाहेर ठेवावे की वर्षभर थांबून नातलगांच्या कुजबुजीस तोंड द्यावे, असा हा पेच होता. सिद्धांत एक, पण कायद्याच्या भेदाने दोन देशांतील आयांच्या वाट्यास वेगवेगळा दिवस आला. ६ मे २०१९ रोजी पंथाच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाने पत्र काढून ही एक वर्षाची अट रद्द केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मंदिराचे शिफारसपत्र असलेल्या स्त्रियांनाही सीलिंगच्या साक्षीदार होण्याची मुभा मिळाली. सिद्धांतास धक्का न लावता हे करता आले, यावरून ती अट संज्ञेच्या अर्थात कधीच अंतर्भूत नव्हती असे म्हणावे लागते. ती व्यवहारातून आली होती आणि तिने सिद्धांताचे रूप घेतले होते.

शेवटी मराठी पर्यायाविषयी थोडेसे. हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईस उतरून पुण्यासही आला होता. आणि बंगळुरू येथे मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये होऊन २०२० च्या डिसेंबरात तेथे भूमिपूजन झाले. ‘विवाह’ हा शब्द चालणार नाही. त्यात वधूस वाहून नेण्याचा भाव आहे. ‘लग्न’ हा शब्द व्युत्पत्तीने आश्चर्यकारकरीत्या जवळचा आहे : ‘लग्’ धातूपासून सिद्ध झालेले हे रूप पाणिनीने ‘सक्त’ म्हणजे चिकटलेला या अर्थी नोंदविले आहे. परंतु मराठीत मुलाचे आईबापांशी ‘लग्न’ लावणे हे ऐकवणारही नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा मुद्रेचा अस्सल शब्द. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीस. त्यात प्रामाण्य आहे, पण बंधन नाही. शिवाय हा शब्द निर्णयावर होतो, माणसांवर नव्हे. ‘मोहोरबंद’ म्हटले की लाखेने बंद केलेली थैली डोळ्यांपुढे येते. ‘मुद्राबंधन’ असा समास करून पाहता येईल. त्यात छाप आणि बांधणे हे दोन्ही अर्थ राहतात, आणि ‘-शी’ हा प्रत्यय पती, पत्नी, अपत्य व पूर्वज या सर्वांस सारखाच लागतो. शब्द काहीसा बोजड आहे. पायऱ्यांवर उभी असलेली आई तो उच्चारील असे मला वाटत नाही. ती बहुधा एवढेच विचारील की, लागले का लग्न?