ट्रॉलीचा जोड : मिग की टिग?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा याविषयी लिहितो. आज वेल्डिंगविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाला या उचापती कशाला, असे कुणी म्हणेल. पण वर्षभर राबून वाढवलेला ऊस शेवटी ट्रॉलीच्या चार जोडांवर भरवसा ठेवून काट्यापर्यंत येतो, हे विसरून कसे चालेल?

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास आमच्या एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढत होता. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाची पट्टी चॅनेलपासून उखडली. दुसरी ट्रॉली उताराने मागे आली आणि चारीत कलंडली. दोनच मिनिटांपूर्वी मागची एक मोटारसायकल वस्तीकडे वळली होती, म्हणून माणूस वाचला. ऊस दोन दिवस चारीत वाळला. वजन घटले, साखर घटली, ट्रॉलीचा खर्च वेगळाच.

तो जोड हंगामापूर्वीच नव्याने वेल्डिंग केलेला होता. वाहनांच्या तपासणीला आम्ही स्वतः उभे होतो. ताजा रंग आणि गुळगुळीत टाका बघून आम्ही "झकास काम केलंय" म्हणालो आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळलो. ही आमची चूक, ती इथे कबूल करतो.

तुटलेला तुकडा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नेला. आत बघतो तर पावासारखी भोके! आणि एका बाजूला टाक्याच्या खाली चॅनेलचा जुना लाल रंग जसाच्या तसा. म्हणजे तिथे वेल्डिंगने लोखंडाला धरलेच नव्हते, नुसते वर बसले होते. तुरा आलेल्या उसाला वरून कांडी ठसठशीत आणि आत दशी, तसा प्रकार.

पुढे त्या सभासदांनी गट ऑफिसात विचारले, "साहेब, हे मिग होतं. टिग केलं असतं तर तुटलं नसतं ना? टिग लई मजबूत असतंय म्हणत्यात." हा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून हा लेख.

दोन्हीत फरक काय?

दोन्हींत विजेच्या ज्योतीने लोखंड वितळते आणि वितळलेल्या रसाला हवा लागू नये म्हणून सिलिंडरमधला वायू त्यावर पांघरूण घालतो. फरक हाताच्या कामात आहे.

मिगमध्ये बंदुकीसारख्या नळीतून तार आपोआप पुढे येते. तीच ज्योत पेटवते आणि तीच वितळून भर घालते. काम झपाट्याने होते, लांब टाका सलग पडतो. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये यालाच बहुधा 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात, कारण वायू कार्बन डायऑक्साइड असतो. आसवनीत मळी आंबताना जो वायू सुटतो, तोच हा. काही ठिकाणी त्यात आरगॉन मिसळतात. मग ठिणग्या कमी उडतात आणि टाका साफ येतो.

टिगमध्ये ज्योत टंगस्टनच्या काडीतून निघते. ती काडी वितळत नाही. भरीची तार दुसऱ्या हाताने घालावी लागते. वायू आरगॉन, तो महाग. काम सावकाश, पण अतिशय नाजूक आणि स्वच्छ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विमानासाठी मॅग्नेशियम जोडायचे होते, त्या गरजेतून ही पद्धत पुढे आली. मिग त्यानंतर, १९४८ च्या सुमारास आले. पातळ पत्रा, स्टेनलेस, अॅल्युमिनियम, शर्यतीच्या गाड्यांचे पातळ नळ्यांचे सांगाडे ही टिगची कामे. साखर कारखान्यातल्या स्टेनलेसच्या पाइपांनाही टिग लागते.

मग ट्रॉलीला कोणते?

ट्रॉलीचा चॅनेल साध्या पोलादाचा, साधारण ५ ते ८ मि.मी. जाड. त्यावर गंज, ग्रीस आणि रंगाचे थर. टिगला आरशासारखे स्वच्छ लोखंड लागते. शिवाय ते सावकाश चालत असल्याने आच जास्त पसरते आणि लांब सांगाडा वाकण्याचा धोका वाढतो. चांगले केलेले टिग मजबूत असते, यात वाद नाही. पण चांगले केलेले मिगही ट्रॉलीला पुरून उरते, आणि तेही कमी वेळात, कमी खर्चात. म्हणून आमचे सांगणे असे : ट्रॉलीच्या आणि अंगद गाडीच्या सांगाड्याला शेडमध्ये केलेले मिग घ्यावे. टिगसाठी जादा पैसे मोजू नयेत.

मात्र मिगची एक खोड ओळखून ठेवा. करंट कमी असेल किंवा खाली रंग-गंज असेल, तरी टाका वरून सुंदर दिसतो. आणि वाऱ्याची साधी झुळूक आली तरी वायूचे पांघरूण उडते आणि आत भोके पडतात. त्या सभासदांचे काम उघड्यावर, वाऱ्यात आणि रंगावरच झाले होते. तिथे टिग केले असते तरी हेच झाले असते, कारण वाऱ्याचे आणि घाणीचे वावडे टिगलाही आहे.

फडातच काम करायची वेळ आली तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आपले जुने काडीचे वेल्डिंग करा. काडीवरच्या लेपाचा वायू आणि स्लॅग रसाला झाकतात, त्यामुळे वाऱ्यात ते जास्त तग धरते. ओढ बसणाऱ्या जोडाला ७०१८ नंबरची काडी मागा. ही काडी ओल धरते आणि ओली वापरली तर जोडाला तडे जातात. म्हणून भट्टीत तापवून कोरडी केलेलीच घ्या.

वेल्डरजवळ उभे राहून एवढे बघा

१. जोडाची जागा ग्राइंडरने पांढरी लख्ख झाल्याशिवाय ज्योत पेटवू देऊ नका.

२. तडा जिथे संपतो तिथे ड्रिलने छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग तड्याला खोल खाच करून तळापासून भर घाला. वरवर लिंपू नका.

३. जोडपट्टीची टोके तिरपी कापा. सरळ कापलेल्या टोकाशीच चॅनेल पुढे तडकतो.

४. हूक, पिन असे घडीव कडक पोलादाचे भाग सांधू नका, नवे बसवा. मालट्रकच्या चासीचे पोलाद वेगळे असते. तिला कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याशिवाय ज्योत लावू नका.

५. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर सोडवा, निदान बॅटरीच्या तारा काढा. अर्थचा चिमटा जोडाजवळच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होते.

६. टायर बसवलेल्या रिंगला वेल्डिंग कधीही करू नका. आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिलाही ज्योत लावू नका. पाचट लांब सारा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.

७. रंग लगेच मारू नका. आधी टाका उघडा दाखवा. भोके, तडे, कडेला पडलेली खाच दिसली तर ग्राइंडरने काढून पुन्हा करून घ्या.

यंदाच्या तपासणीला आम्ही हातात तारेचा ब्रश आणि छोटी हातोडी घेऊन उभे राहणार आहोत. हुकाच्या जोडावरचा रंग खरवडून बघू. कुणी रागावू नये. "साहेब, कालच रंग दिलाय की!" असे म्हणाल, तर त्या रात्री वस्तीकडे वळलेली ती मोटारसायकल आठवा. तिच्यावर कोण होते, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. तो आपल्यापैकीच कुणाचा तरी पोरगा असणार.

आपला,
ऊस विकास अधिकारी