मोळीचा भार आणि पाठीची तरफ

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर हे गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना येथे उभा राहिला आणि गावाचे नाव साखरेशी जोडले गेले. आज तेथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना ऊस गाळतो. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसू लागतात. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेली ही माणसे पहाटेच कोयता घेऊन फडात शिरतात.

हे कामगार ऊस कसा तोडतात, ते तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? ते कमरेत वाकतात आणि ऊस अगदी जमिनीलगत छाटतात. थोडा वरून तोडला तर वाकावे कमी लागेल. पण तसे चालत नाही. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांतच साखर सर्वांत जास्त असते. मग वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये रचायची. हे काम चार-पाच महिने चालते.

कंबर धरली तर? मजुरी टनावर मिळते, आणि कामाचा दिवस बुडला की खाडा पडतो. मग जवळच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते. एखाद्या दिवशी तशी गोळी घेणे वेगळे. पण उन्हातान्हात, पाणी कमी पिऊन, ती रोज घेत राहिले तर जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचू शकते. शिवाय गोळीने वेदना दबते, पाठीवरचा भार मात्र तेवढाच राहतो.

मग या दुखण्यावर दुसरा काही मार्ग आहे काय? आहे. त्याचे नाव भौतिकोपचार. आपण त्याला फिजिओथेरपी म्हणतो. पोलिओच्या साथींनी अनेक मुले अपंग झाली, त्यानंतर १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येचे भारतातील पहिले विद्यालय सुरू झाले. या शास्त्राची साधने कोणती? बल, तरफ, उष्णता, वीज आणि हालचाल. म्हणजे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलीच की! तेव्हा पुस्तक उघडू आणि आधी दुखणे कोठून येते ते पाहू.

पाठ ही एक तरफ

तरफेचा नियम तुम्हांला पाठ आहे: भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. आता वाकलेल्या माणसाची पाठ डोळ्यांपुढे आणा. कमरेचा सर्वांत खालचा मणका हा टेकू. टेकूच्या पुढच्या बाजूला धड, डोके, हात आणि हातातले ओझे हा भार. मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. ते बल लावतात. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. पण तिच्या भुजा फार विषम आहेत. स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. ओझे मात्र अर्धा मीटर पुढे असू शकते.

आकडे घालून पाहू. कामगाराचे वजन ५५ किलोग्रॅम आहे असे समजा. त्यातले कमरेच्या वरचे वजन साधारण ३० किलोग्रॅम येईल. तो वाकला, की या वजनाचा गुरुत्वमध्य टेकूच्या पुढे सुमारे २५ सेंटिमीटर जातो. हातात काहीही नसताना स्नायूंना लावावे लागणारे बल असे:

३० × २५ ÷ ५ = १५० किलोग्रॅम-भार

म्हणजे ऊस नुसता तोडताना, हातात हलका कोयता असतानाही, पाठीचे स्नायू दीड क्विंटलचा ताण सोसत असतात. आता त्याने वाकूनच २० किलोची मोळी उचलली, आणि ती टेकूपासून ५० सेंटिमीटरवर आहे असे धरू:

(३० × २५ + २० × ५०) ÷ ५ = ३५० किलोग्रॅम-भार

वीस किलोच्या मोळीसाठी साडेतीन क्विंटल! आता तीच मोळी गुडघे वाकवून, अंगाजवळ घेऊन उचलू. धडाचा गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरवर आणि मोळी २५ सेंटिमीटरवर आली, तर

(३० × १० + २० × २५) ÷ ५ = १६० किलोग्रॅम-भार

मोळी तीच, माणूसही तोच. भुजा आखडली आणि स्नायूंवरचा ताण निम्म्याहून खाली आला. मोळी डोक्यावर ठेवून सरळ चालताना तर तिची भारभुजा जवळजवळ शून्य असते. म्हणून कमरेला खरा धोका मोळी वाहण्यापेक्षा ती जमिनीवरून उचलण्यात असतो. दुसऱ्याने हात लावून मोळी डोक्यावर चढवण्याची जी रीत फडात आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे.

चकतीतला दाब

हे सारे कागदावरचे हिशोब, असे कोणी म्हणेल. पण ते प्रत्यक्ष मोजलेले आहे. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक चकती असते. तिचे कडे चिवट असते आणि आतला गाभा पाणीदार, लगद्यासारखा. स्वीडनचे अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून तिच्यातला दाब मोजला. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवला. आडवे पडल्यावर दाब सुमारे ०.१ मेगापास्कल भरला आणि उभे राहिल्यावर ०.५. वीस किलोचे ओझे गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि पाठ वाकवून उचलताना २.३ मेगापास्कल!

मोटारगाडीच्या टायरमध्ये साधारण ०.२ मेगापास्कल दाबाची हवा भरतात. म्हणजे पाठ वाकवून ओझे उचलताना आपल्या चकतीत टायरच्या दहापटीहून अधिक दाब असतो. असा दाब वर्षानुवर्षे पडत राहिला, की चकतीच्या कड्याला भेगा पडू शकतात. कधी गाभा बाहेर सरकून पायाकडे जाणाऱ्या चेतेला टेकतो आणि कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते.

आता घरी एक प्रयोग करून पाहा. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला पाठ लावून उभे राहा, डोक्यावर पुस्तक ठेवा आणि उंचीची खूण करा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा खूण करा. रात्रीची खूण सेंटिमीटरभर खाली आलेली दिसेल. दिवसभराच्या भाराने चकत्यांतले थोडे पाणी बाहेर पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणून पहाटे चकत्या टम्म फुगलेल्या असतात आणि तेव्हा खोल वाकणे अधिक त्रासाचे ठरते. सकाळच्या वेळी वाकणे टाळणाऱ्या रुग्णांचे कंबरदुखीचे दिवस कमी झाले, असे १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आपला ऊसतोड कामगार मात्र वाकण्याची सुरुवात नेमकी पहाटेच करतो.

वेदनेचा दरवाजा

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, की आपण काय करतो? चटकन बसतो आणि अंगठा चोळतो. चोळल्याने बरे का वाटावे? चोळून जखम तर भरत नाही!

ठेच लागल्यावर आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मंद ठणका सुरू होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. अंगठ्यापासून मेरुरज्जू सुमारे एक मीटर दूर आहे. तीक्ष्ण वेदनेचे तंतू सेकंदाला दहा-वीस मीटर वेगाने संदेश नेतात, तर ठणक्याचे बारीक तंतू सेकंदाला सुमारे एकच मीटर. म्हणून ठणका मागाहून येतो. स्पर्शाचे जाड तंतू मात्र सेकंदाला पन्नास मीटरच्या घरात संदेश पोचवतात.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली एक कल्पना मांडली. मेरुरज्जूत जणू एक दरवाजा आहे. स्पर्शाचे संदेश मोठ्या संख्येने आले, की तो अर्धवट मिटतो आणि वेदनेचे थोडेच संदेश मेंदूकडे जातात. या कल्पनेच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले. पण वेदना वाटेत कमी-जास्त होऊ शकते, हा तिचा गाभा टिकला. मेंदूही वरून या दरवाजावर हुकूम चालवतो. भीती, काळजी आणि अपुरी झोप असली की तो सताड उघडतो. याचा अर्थ दुखणे खोटे असते, असा मुळीच नाही. ते खरेच असते. पण त्याचा आवाज कमी करता येतो.

शेक, बर्फ आणि वीज

आजीचा शेक हाही भौतिकोपचारच. शेकाने रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैलावतात आणि उष्णतेचे संदेश वेदनेला मागे सारतात. शेकाला पाण्याची पिशवी चांगली की तापवलेल्या मिठाची पुरचुंडी? पाण्याची विशिष्ट उष्णता १ आहे, मिठाची सुमारे ०.२. एक किलो पाणी ६० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना २० किलोकॅलरी उष्णता देते. तेवढेच मीठ केवळ ४ किलोकॅलरी. म्हणून पिशवी जास्त वेळ ऊब देते. पिशवी नेहमी कापडात गुंडाळावी. त्वचा बधिर असेल, उदाहरणार्थ मधुमेहामुळे, तर शेक घेऊच नये. भाजलेले कळत नाही. पाय नुकताच मुरगळून सुजला असेल तर शेकाऐवजी कापडात बांधलेला बर्फ थोडा वेळ लावावा.

भौतिकोपचार केंद्रात त्वचेवर पट्ट्या चिकटवून विजेचे सौम्य स्पंद देतात. कल्पना तीच: स्पर्शाचे तंतू चेतवायचे आणि दरवाजा मिटायचा. काहींना त्याने आराम पडतो, काहींना पडत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शेक असो वा वीज, त्यांचा आराम काही तासांचा असतो. त्या तासांचा उपयोग पुढच्या कामासाठी करायचा असतो. ते काम म्हणजे हालचाल.

झोपून राहावे काय?

कंबर धरली की पूर्वी डॉक्टरसुद्धा आठवडाभर अंथरुणावर पडून राहायला सांगत. अमेरिकेत १९८६ साली काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती देऊन पाहिली. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि प्रकृतीत काही उणे राहिले नाही. फिनलंडमधील हेलसिंकी येथे १९९५ साली असे दिसले, की झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

असे का व्हावे? चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण विसरणाने होते, आणि दाब पडणे व सुटणे या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेने त्याला मदत मिळते. पडून राहिले की स्नायू दुबळे होतात, मग थोडे कामही जड वाटते, माणूस हालचालीला घाबरतो, आणि भीतीने दरवाजा अधिकच उघडतो. भौतिकोपचार तज्ज्ञ हे चक्र उलटे फिरवतो. आधी थोडे चालणे. मग उताणे पडून गुडघे वाकवून कंबर उचलणे. हळूहळू पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना बळ. कोणाला पुढे वाकण्याचे व्यायाम मानवतात, कोणाला मागे वाकण्याचे. म्हणून व्यायाम तपासून ठरवावे लागतात. किंचित दुखले म्हणजे काही मोडले असे नव्हे, हे रुग्णाला पटवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

मात्र कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल, जांघेजवळ बधिरता आली असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, ताप असेल किंवा पडल्यामुळे मार लागला असेल, तर व्यायाम किंवा शेक करत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

तुम्ही काय कराल?

विद्यार्थी मित्रांनो, ऊसतोड कामगारांची मुले तुमच्या शाळेत असतील. कदाचित तुम्हीच त्यांपैकी असाल. आज शिकलेली तरफ घरी सांगा. मोळी लहान बांधावी. उचलताना गुडघे वाकवावेत, मोळी अंगाशी घ्यावी आणि दुसऱ्याचा हात मागावा. पहाटे कामाला लागण्यापूर्वी थोडे चालावे. तोडणी चालू असताना अधूनमधून उभे राहून, कमरेवर हात ठेवून, चार-पाच वेळा हलकेच मागे वाकावे. यातल्या कशालाच पैसा पडत नाही.

हे खरे, की टनावर मजुरी मोजली जाते तेथे मोळी लहान बांधणे सोपे नसते. लहान मोळ्या म्हणजे फळीवरच्या जास्त खेपा. तेव्हा सगळा भार कामगाराच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. कोयता जमिनीपर्यंत पोचेल पण पाठ कमी वाकेल असा दांडा, ट्रकवर मोळ्या चढवणारी साधी यारी, तळावर आठवड्यातून एकदा येणारा भौतिकोपचार तज्ज्ञ: या गोष्टी कोणीतरी कराव्या लागतील. यांतल्या पहिल्या दोन तर सरळसरळ तरफेचीच उदाहरणे आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत असाल, तर दांड्याची लांबी किती असावी येथून सुरुवात करा. फडात जा, पट्टी घेऊन मोजा, आणि ज्याला तो कोयता धरायचा आहे त्याला आधी विचारा.