मारुतीचा दुसरा भाग

गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग काढणे हे पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी वाढण्यासारखे असते. पहिली गोड लागली म्हणूनच दुसरी वाढली जाते. पण तोवर जेवणाऱ्याची भूक निम्मी झालेली असते आणि जीभ चौकस झालेली असते. त्यातून चित्रपट लहान मुलांचा, पात्र देवाचे आणि पाहणारे सारे कुटुंब असले, म्हणजे वाढप्याची परीक्षाच!

अशी परीक्षा आपल्याकडे २००७ साली झाली. त्याआधी २००५ च्या ऑक्टोबरमध्ये व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ हा ॲनिमेशनपट आला. ‘कार्टून म्हणजे परदेशी उंदीर-मांजर’ अशी समजूत असलेल्या घरांत त्याने आपला मारुती आणून बसवला. सूर्याला फळ समजून झेपावणारा बाळ मारुती, समुद्र ओलांडणारा वीर, लंका जाळणारा दूत ही सारी ठरलेली कथा. त्यात नवे काही नव्हते आणि नेमके तेच लोकांना आवडले. आजीने सांगितलेली गोष्ट नातवंडांना पडद्यावर दिसली, आणि ‘मी सांगत होते ना, अगदी असंच!’ असे म्हणण्याची संधी आजीला मिळाली.

मग २८ डिसेंबर २००७ रोजी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. त्याच वर्षी त्याचे ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘नो स्मोकिंग’ पडद्यावर आले होते. मुंबईच्या बॉम्बस्फोटांवर चित्रपट करणाऱ्या माणसाने मुलांचा चित्रपट करावा, हेच अनेकांना नवल वाटले. त्याने जुनी कथा पुढे नेलीच नाही, सरळ आजच्या काळात उडी घेतली. हनुमंताला पुन्हा पृथ्वीवर यायचे आहे, ब्रह्मदेव काही अटी घालून परवानगी देतो, आणि बजरंगपूर नावाच्या गावात मारुती नावाचा मुलगा जन्माला येतो. तो शाळेत जातो, बेसुमार जेवतो, दांडगट पोरांना सरळ करतो. स्वर्गाची तऱ्हा तर एखाद्या सरकारी कचेरीसारखी. पुढे राहू-केतू आणि शुक्राचार्यही येतात.

समीक्षकांपैकी अनेकांना हा खट्याळपणा भावला. देवादिकांकडे हसून पाहण्याचे धाडस त्यांना कौतुकाचे वाटले. मात्र उत्तरार्धात राक्षसांची हाणामारी सुरू झाली की विनोदाची गंमत ओसरते, अशी तक्रारही झाली. प्रेक्षकांनी काही पहिल्या भागासारखे डोक्यावर घेतले नाही.

आमच्या कुंभार पिंपळगावात हा चित्रपट थिएटरातून नव्हे, सीडीवरून आला. घनसावंगी तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. २००८ च्या उन्हाळ्यात, दुपारी वीज असेल तेवढ्या वेळात, आमच्या खोलीत गल्लीतली दहा-बारा पोरे आणि दोन म्हाताऱ्या अशी मंडळी जमली. शाळेतली हाणामारी आली की पोरे लोळून हसत. एक आजी मात्र पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “देव काय कचेरीत बसतेत व्हय?” त्यांचा नातू म्हणाला, “आज्जे, तो आता आपल्यासारखा शाळेत जातो!” त्यावर आजी म्हणाल्या, “तुझ्यासारखा झाला तर मग पाया कोणाच्या पडायचं?”

हा प्रश्न मला अनेक परीक्षणांहून मोलाचा वाटला. कारण त्यात नुसता राग नव्हता. मूल देवाला मित्र करू पाहत होते आणि आजीला भीती होती की मैत्रीत देवाचे देवपण जाईल.

आजींची भीती आमच्या मातीत अधिकच समजण्यासारखी. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यातले, अगदी जवळचे. १६०८ साली रामनवमीला जन्मलेल्या या पुरुषाने पुढे कृष्णाकाठी गावोगावी मारुती स्थापिले. त्यांतले अकरा आजही प्रसिद्ध आहेत. आमच्या भागात वेशीवर मारुती नसलेले गाव शोधावे लागेल. लग्नाचा नवरदेव आधी त्याच्या पाया पडतो, आणि चैत्र पौर्णिमेला सूर्योदयाबरोबर जन्माचे कीर्तन संपले की सुंठवड्यासाठी पोरांचे हात पुढे येतात.

पण त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. समर्थांनी एकट्या चाफळात दोन मारुती दिले. एक दास मारुती, रामापुढे हात जोडून उभा, तर दुसरा प्रताप मारुती. एकच देव, दोन रूपे, आणि दोन्ही खरी. पैठणच्या एकनाथांनी भारुडातून अध्यात्म सांगताना हसण्याला बंदी घातली नाही. तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाची फिरकी घेते आणि पुढे बसलेला वारकरीही पोट धरून हसतो. देवाची थट्टा आपल्याला नवी नाही. इतकेच काय, मारुतीचा पहिला ‘दुसरा भाग’ खुद्द महाभारतात आहे. वनपर्वात म्हातारे वानर होऊन तो वाटेत आडवा पडतो आणि बलाढ्य भीमाला त्याचे शेपूटही हलवता येत नाही. रामायणातला नायक दुसऱ्या ग्रंथात येतो, थोडी गंमत करतो, धाकट्या भावाचा गर्व उतरवतो. व्यासांना जमले ते आपल्या चित्रकारांना वर्ज्य का असावे?

बाहेरच्या जगातही हाच पेच दिसतो. चिनी पुराणांतला बालदेव नेझा २०१९ च्या चित्रपटात डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेले, खोडकर, गावाने टाकलेले पोर होऊन आला. त्याचा दुसरा भाग २०२५ च्या जानेवारीत निघाला आणि जगातला सर्वांत जास्त कमाई करणारा ॲनिमेशनपट ठरला. देवाला मूल केले म्हणून तिथला प्रेक्षक दुरावला नाही. आपल्याकडे त्याच वर्षी ‘महावतार नरसिंह’ने उलटी वाट धरली. थट्टा नाही, आधुनिक शाळा नाही, निखळ भक्ती. त्यालाही अलोट गर्दी झाली. म्हणजे गंभीर चालते की गमतीचे चालते, असा हा वाद नव्हेच.

मला वाटते, फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या गाठीशी काय आहे याने. आमच्या खोलीतली पोरे त्या दुपारी हसली, कारण पारावरचा शेंदूर लावलेला मारुती त्यांना आधीच ठाऊक होता. संध्याकाळी हीच पोरे त्याच्यापुढे नारळ फोडायला गेली असती आणि त्यांच्या हाताला कंप सुटला असता. थट्टा कळायला मूळ गोष्ट माहीत असावी लागते. ज्याने मूळ मारुती पाहिलाच नाही, त्याला कचेरीतला ब्रह्मदेव हा विनोद वाटत नाही. त्याला तेच पुराण वाटते.

आणि चिंता आहे ती इथेच. आता पहिली गोष्टही पडदाच सांगतो. आजी त्याच घरात असते, पण तिच्या नातवाच्या हातात मोबाइल असतो. तिच्याकडचा मारुती न सांगताच राहून जातो आणि मुलाच्या ओळखीचा पहिला मारुती कोणीतरी दूरच्या शहरात रेखाटलेला असतो. तो चांगला असेल, वाईट असेल. पण त्याच्या तोंडी आपल्या गावची बोली नसते आणि अंगाला सुंठवड्याचा वास नसतो.

तेव्हा, वाचकहो, मुलांना दुसरा भाग खुशाल दाखवा. तो बिघडला की जमला, हे समीक्षक सांगतीलच, आणि मुले तर त्यांच्याआधी सांगतील. कंटाळली की ती सरळ उठून जातात, भिडेखातर बसत नाहीत. मात्र दाखवण्याआधी एखाद्या रात्री अंगणात अंथरूण टाकून पहिला भाग तुम्ही सांगा. सूर्य केवढा लाल होता, झेप केवढी मोठी होती, शेपूट किती किती लांब झाले, हे हातवारे करून सांगा. चुकलात तरी चालेल. चित्रे मुले स्वतःच काढतील.