फवारावें कीं थांबावें?

यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या शेतांत पावसाळा भर ओसंडूं लागला कीं बांधाबांधावर एकच प्रश्न उभा राहतो: आज औषध फवारावें, कीं आणखी चार दिवस थांबावें? शहरांत राहणाऱ्यास हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु उशिरां फवारलें तर बोंडें हातचीं जातात. लवकर फवारलें तर पैसा व्यर्थ जाऊन किडीला खाणारे मित्रकीटकहि मरतात. आणि गरज नसतां वारंवार फवारलें तर फवारणाऱ्याच्याच जिवावर बेततें. २०१७ सालच्या हंगामांत या एकाच जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले आणि शेंकडों लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें.

हा निर्णय अंदाजानें न घेतां मोजून घेतां यावा, म्हणून संगणकाचें जें साहाय्य घेतात त्याला निर्णयसाहाय्य यंत्रणा म्हणतात. नांवावरून यंत्रच निर्णय देतें असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. निर्णय मनुष्यच घेतो. यंत्रणा योग्य वेळीं योग्य आंकडे त्याच्यापुढें ठेवते, इतकेंच.

महाराष्ट्रांत अशा यंत्रणेचें ठळक उदाहरण घडलें तें एका संकटांतून. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यांत पानें खाणाऱ्या अळ्यांनीं सोयाबीनचें पीक उद्ध्वस्त केलें. त्यानंतर २००९-१० पासून राज्याच्या कृषि खात्यानें पिकांवरील कीड व रोग यांचें सर्वेक्षण करून सल्ला देण्याचा प्रकल्प हातीं घेतला. ‘क्रॉपसॅप’ या नांवानें तो ओळखला जातो. त्याची संगणकाची बाजू दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रानें रचली. सल्ल्याचें काम कृषि विद्यापीठांकडे आलें. विदर्भापुरतें तें अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ होय. कापसासाठीं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचेंहि साहाय्य लाभलें.

कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत जातो, कांहीं शेतें वाटेंत सहज निवडतो, झाडें तपासतो आणि आंकडे लिहून घेतो. ते वेबमार्गें मध्यवर्ती नोंदसंग्रहांत जातात. पूर्वीं गांवचा कागद तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला आणि तेथून विद्यापीठांत पोंचेपर्यंत अळीचा कोष होऊन जाई. आतां राळेगांवच्या शेतांतील मोजणी अकोल्याच्या तज्ज्ञाला लागलीच दिसूं शकते. तो पाहून सल्ला लिहितो, आणि तो लघुसंदेशानें शेतकऱ्याकडे जातो.

अशी यंत्रणा रचावयास शिकणाऱ्यानें संगणकापाशीं बसण्यापूर्वीं चार वह्या घ्याव्यात. पहिल्या वहींत गांवें, दुसरींत शेतें, तिसरींत किडी आणि चौथींत प्रत्यक्ष पाहणी. प्रत्येक शेताला एक क्रमांक द्यावा. पाहणीच्या वहींत शेतकऱ्याचें नांव, गांव, तालुका पुनःपुन्हां न लिहितां केवळ तो क्रमांक, तारीख, किडीचा क्रमांक आणि मोजणी लिहावी. नांव एकाच जागीं असलें म्हणजे चूक एकाच जागीं सुधारतां येते. याच वह्या संगणकांत मांडल्या कीं त्यांना तक्ते म्हणतात. एडगर कॉड या संशोधकानें १९७० सालीं मांडलेल्या याच विचारावर आजचे बहुतेक नोंदसंग्रह उभे आहेत.

किडीच्या वहींत नांवाबरोबर आणखी एक आंकडा लागतो. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कीड दिसली म्हणजे फवारणी केलीच पाहिजे असें नाहीं. तिच्यामुळें होणारें नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठें होण्याच्या बेतांत आलें, म्हणजेच उपाय करावा, हें तत्त्व कॅलिफोर्नियांतील चार कीटकशास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं स्पष्ट केलें. कापसावरील तुडतुड्यांसाठीं दर पानामागें सरासरी २ ही पातळी धरतात. गुलाबी बोंडअळीसाठीं एका कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्रीं दररोज ८ पतंग सांपडणें, किंवा शेंकडा १० फुलें वा हिरवीं बोंडें किडलेलीं आढळणें, ही खूण मानतात. ही अळी बोंडाच्या आंत दडते, म्हणून बोंड फोडून पाहिल्यावांचून मोजणी खरी होत नाहीं.

आतां हिशेब पाहूं जातां तो सोपा आहे. समजा, एका शेतांत २० झाडें पाहिलीं, दर झाडाचीं वरचें, मधलें व खालचें अशीं तीन पानें, म्हणजे एकूण ६० पानें. त्यांवर ८४ तुडतुडे आढळले तर दर पानामागें १.४ पडले, फवारणी नको. पुढच्या आठवड्यांत १५० आढळले तर २.५ झाले, उपायाची वेळ आली. हा नियम संगणकाला शिकविण्यास एक दिवस पुरतो. पातळीचा आंकडा मात्र नियमाच्या आंत न गोंवतां किडीच्या तक्त्यांतच ठेवावा. कारण नव्या संशोधनानें तो बदलला तर संपूर्ण रचना उकलावी लागूं नये.

खरी कसोटी पुढेंच आहे. पावसानें वाट बंद झाली आणि झरी-जामणीच्या एखाद्या गांवीं सर्वेक्षक पोंचला नाहीं, तर त्या रकान्यांत काय लिहावें? शून्य लिहिलें तर कीड नाहीं असा अर्थ होतो. आणि वस्तुस्थिति अशी कीं कोणी पाहिलेंच नाहीं. म्हणून रिकामा रकाना आणि शून्य यांत भेद राखणें हा या विद्येचा पहिला धडा. दुसरा धडा सरासरीचा. एका शेतांत दर पानामागें ०.४ आणि शेजारच्या शेतांत ३.२ तुडतुडे असले तर गांवाची सरासरी १.८ येते. कागदावर गांव सुरक्षित दिसतें आणि दुसरें शेत हातचें जात असतें. म्हणून मूळ मोजणी जशीच्या तशी जपावी. सरासरी हवी तेव्हां काढावी, पण मोजणीच्या जागीं तिला बसवूं नये. तिसरा धडा सर्वेक्षकाचा. घरबसल्या भरलेला आंकडाहि संगणक तितक्याच विश्वासानें बेरजेंत घेतो. यासाठीं मोजणीची जागा व वेळ नोंदली जावी आणि अधूनमधून दुसऱ्या माणसानें तेंच शेत पुन्हां पाहावें.

इतकें सारें साधलें तरीहि एक उणीव उरते, आणि ती यवतमाळनें दाखविली आहे. २०१७ सालींहि राज्यांत कीड-सर्वेक्षण चालूंच होतें. परंतु किडीची पातळी मोजणारा तक्ता, फवारणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा आहे कीं नाहीं, पंपांत किती औषधें एकत्र मिसळलीं आहेत, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशींतून तो वाऱ्याच्या विरुद्ध तर चालत नाहीं ना, हें विचारीत नाहीं. लघुसंदेश जातो तो नोंदलेल्या क्रमांकावर, म्हणजे बहुधा शेतमालकाकडे. पंप असतो तो पुष्कळदां मजुराच्या पाठीवर. ज्याच्या हातीं कृति आहे त्याच्यापर्यंत सल्ला न पोंचला तर अचूक हिशेबहि अर्धाच राहतो.

म्हणून ही विद्या शिकणाऱ्यानें आरंभींच एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात: निर्णय कोण घेणार, तो कोणत्या दिवशीं घेणार, आणि चुकला तर कोणाला भोगावें लागणार. पहिल्या दोन ओळींवरून तक्ते ठरतात. तिसरीवरून सल्ल्याचे शब्द ठरतात. आणि ज्या दिवशीं मोजणी पातळीच्या खालीं असेल, त्या दिवशीं ‘आज फवारूं नका’ हा निरोपहि तितक्याच तत्परतेनें गेला पाहिजे. त्या एका ओळीनें औषधाचा खर्च वाचतो, मित्रकीटक वांचतात, आणि पंप त्या दिवशीं कोणाच्या पाठीवर चढत नाहीं.