‘गॅस’ला नाव देणारा माणूस

‘गॅस बारीक कर’, ‘पोटात गॅस धरलाय’ असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीतला हा शब्द मुळात आला कुठून, असं एका वाचकाने विचारलं आहे. बहुतेक शब्दांचा जन्मदाता सापडत नाही. या शब्दाचा मात्र सापडतो : ब्रसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट. ते १६४४ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलाने १६४८ मध्ये छापलेल्या ग्रंथातून हा शब्द जगभर गेला.

त्यांनी ओकचा ६२ पौंड कोळसा जाळला. राख उरली एक पौंड. मग ६१ पौंड गेले कुठे? डोळ्यांना न दिसणारं, भांड्यात कोंडता न येणारं काहीतरी निसटलं होतं. द्राक्षाचा रस आंबतानाही तेच निघतं, हे त्यांनी ओळखलं. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्यांनी त्यासाठी ग्रीक ‘खाओस’वरून, म्हणजे सृष्टीपूर्वीच्या निराकार पसाऱ्यावरून, नवं नाव घडवलं. डच लोक ‘ग’ घशातून, जवळपास ‘ख’सारखा उच्चारतात, त्यामुळे त्यांच्या कानांना हे नातं लगेच जाणवतं.

त्यांचा दुसरा प्रयोग तर मला फारच आवडतो. भट्टीत सुकवलेली २०० पौंड माती कुंडीत घालून त्यांनी पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेला पत्रा बसवला. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंड, माती घटली जेमतेम दोन औंस. त्यांनी निष्कर्ष काढला, की लाकूड पाण्यापासूनच बनतं. ज्या वायूचं बारसं त्यांनी स्वतः केलं होतं, तोच पानांतून शिरून त्या लाकडात मुरला होता. हे उमगायला इंगेनहाउस, सेनबिए आणि १८०४ मध्ये सोस्यूर हे संशोधक यावे लागले.

निष्कर्ष अपुरा होता, पण रीत पक्की होती : आधी तोला, मग बोला. शब्द मात्र लगेच रुजला नाही. रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलींनी १७७४ मध्येही आपल्या पुस्तकाच्या नावात ‘हवेचे प्रकार’ असंच म्हटलं. ‘गॅस’ रूढ झाला तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या काळात, आणि पाठ्यपुस्तकांत मान मिळाला तोही याच दोघांना. हवेहून वेगळे असे वायू असतात, हा विचार सव्वाशे वर्षं आधी मांडणाऱ्या फान हेल्मोंट यांचं नाव वायूंच्या धड्याच्या पहिल्या ओळीत यायला हवं.