पिळावर तोललेली मोटार

फोक्सवॅगन बीटल या छोट्या मोटारीचा मागील भार पोलादी दांड्यांच्या पिळावर तोललेला असतो. प्रत्येक दांडीच्या आंतल्या टोकास ४० आणि बाहेरच्या टोकास ४४ दांते असतात. आंतून एक दांता फिरविल्यास ९ अंशांचा, बाहेरून ८ अंशांहून किंचित् अधिक फरक पडतो. दोन्ही परस्परविरुद्ध फिरविल्यास एका अंशाहूनहि कमी. या वजाबाकीमुळेंच गाडीची पाठ घरच्या घरीं बेतानें खालीं आणतां येते.

परंतु चाकाकडे जाणारी पट्टी आधारावरून सुटतांच पीळ उलगडतो व ती जोरानें खालीं आदळते; मध्यें सांपडलेला हात वांचत नाहीं. म्हणून गाडी पक्क्या लोखंडी घोड्यांवर ठेवून, पट्टी जॅकनें धरूनच उतरवावी. मोहहि आवरावा, पाठ फार खालीं गेली कीं चाकांचे माथे आंत झुकतात आणि टायर आंतल्या कडेला झिजतात.