सगळे जुगारी एकसारखे नसतात



आपल्या त्र्यंबकला वेदपठण कानावर पडतंच. त्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्याची बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ ओळख देत नाहीत. आता खेळायचं नाही असं तो ठरवतो, पण फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. म्हणजे हे दुखणं किती जुनं आहे बघा. पुढे फाशांच्या जागी पत्ते आले, मटक्याचा आकडा आला, मग मोबाइलवरची रमी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण कायद्याने मनातली ओढ जात नाही.

ज्याच्या घरात हे घडतं, त्याला आपण "लाज नाही" म्हणून मोकळ्या होतो. डॉक्टर मात्र याला आजार मानतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारूसारख्या व्यसनांच्या गटात घातला. त्याआधी २००२ मध्ये ब्लाझिन्स्की आणि नोवर या दोन अभ्यासकांनी सांगितलं होतं, की माणसं तीन वेगवेगळ्या वाटांनी यात अडकतात.

पहिली वाट सवयीची. माणूस चांगला असतो. मित्रांबरोबर गंमत म्हणून खेळतो, सुरुवातीला थोडे पैसे मिळतात. मग हरलेले परत मिळवायला आणखी लावतो. "पंजा चार दिवस आला नाही, आज येणारच," असं त्याला वाटतं. पण आकड्याला कालचं काही आठवत नसतं! हिशेब करा : दहाही आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर हजार जातात, आणि नऊपट भावाने परत येतात नऊशे. या वाटेचा माणूस वेळीच सावध झाला, तर लवकर बाहेर येतो.

दुसरी वाट दुःखाची. लहानपणी मार खाल्लेला असतो, जवळचं कोणी गेलेलं असतं, उदासी किंवा धास्ती असते. खेळताना तेवढा वेळ डोकं शांत राहतं. यात बायकाही असतात बरं का. समजा, यात्रा संपली, दुकानात गिऱ्हाईक नाही, घरात बोलायला कोणी नाही, आणि हातात मोबाइल आहे. तिचा खेळ नुसता बंद करून भागत नाही. आतलं दुःख तसंच राहिलं, तर ती पुन्हा तिकडे वळते.

तिसरी वाट उतावीळ स्वभावाची. असा माणूस लहानपणापासून धीर नसलेला, चटकन भडकणारा, पुढचा विचार न करणारा असतो. त्यात अनेकदा दारूही असते. त्याला उपचार लागतात, तेही बरेच दिवस.

म्हणून घरात पहिला प्रश्न "किती घालवलेस?" हा नको. "कधीपासून, आणि कशासाठी खेळतोस?" असं विचारा. पैसे लपवणं, खोटं बोलणं, खेळला नाही तर चिडचिड, दागिना सोनाराकडे जाणं, या खुणा ओळखा.

आणि एक कडक गोष्ट सांगते. त्याचं कर्ज फेडायला बचत गटाचं कर्ज काढू नका. मंगळसूत्र तर मुळीच देऊ नका. कर्ज फिटलं की त्याला पुन्हा खेळायला मोकळीक मिळते. पगार, धंद्याचे पैसे आणि बँकेचं पुस्तक काही दिवस घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे लागत नाहीत. "मला जगायचं नाही" असं तो म्हणाला, तर ती धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

सूक्तातल्या जुगाऱ्याची वाट कुणी विचारली नव्हती. आपण आपल्या माणसाला विचारू या.